पाऊण फेरा

या लेखात जिथे जिथे 'आम्ही' येईल तिथे आम्ही दोघे भाऊ समजावे. लिहिणारा एकच आहे. पण जे घडले त्यात कोणाचा हात किती होता, याचा निवाडा आमच्यात अजून झालेला नाही. आता तो व्हावा अशी आमची इच्छाही नाही. म्हणून 'मी' लिहायला हात धजत नाही.

आमचे घर मिरजेचे, शिकलगारांचे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे काम कमी झाले तेव्हा आमच्यातली काही घराणी तंतुवाद्यांकडे वळली, आणि मिरजेच्या सतारी-तंबोरे त्यांच्या हातून देशभर गेले. आमच्या आजोबांच्या वाट्याला मात्र लोखंडच राहिले. ते विहिरीवरची इंजिने दुरुस्त करत. अब्बा त्यांच्याकडूनच शिकले. एका सिलिंडरची, मोठ्या चाकांची, मिनिटाला ६५० फेऱ्यांची ती इंजिने. नदीकाठच्या उसात संध्याकाळी चार-पाच इंजिने एकदम चालू असली, की अब्बा सायकल थांबवून उभे राहत आणि कोणाचे इंजिन आजारी आहे ते सांगत. त्यात जादू काही नव्हती. ठोका कुठे चुकतो एवढेच ते ऐकत. चाळीस वर्षे इंजिनाशेजारी काढल्यामुळे त्यांचा डावा कान पुढे बराच गेला. मग ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ उजव्या कानामागच्या हाडावर टेकवत.

विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि आमचा धंदा बसला. भारनियमनाने तो पुन्हा उभा केला. हे बोलायला बरे वाटत नाही, पण खरे आहे. २००५ नंतरची काही वर्षे आठवा. तालुक्याच्या गावांत दिवसातले कितीतरी तास वीज नसे. दुकानदार, रसवंतीवाले, झेरॉक्सवाले, दवाखाने, मंगल कार्यालये, ज्याला परवडेल त्याने जनरेटर घेतला. ज्याला नवा परवडत नव्हता त्याने जुना घेतला. जुना घेणाऱ्यांच्या जिवावर आमच्या घरात दोन वेळची चूल पेटली. अम्मी वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवत असे. लाईट गेली की ती म्हणे, "गई. अब तुम्हारा फोन बजेगा." आणि फोन वाजे.

२००८ च्या पावसाळ्यात असाच फोन आला. मिरजेच्या पूर्वेला तालुक्याच्या एका गावी डॉक्टर नवरा-बायकोचे बाळंतपणाचे हॉस्पिटल होते. बारा खाटांचे. त्यांच्याकडे ६२.५ केव्हीएचा जुना सेट होता. जनरेटर चालू होता, तक्रार वेगळीच होती. त्यांनी ऑपरेशन थिएटरसाठी नवा यूपीएस घेतला होता आणि तो जनरेटरची वीज घ्यायलाच तयार नव्हता. जनरेटर बाहेर धडधडतोय, दिवे लागलेत, पंखे फिरताहेत आणि यूपीएस मात्र बॅटरीवर. बॅटरी संपली की 'पीं' करून गप्प. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मिस्त्री, घरात अन्न आहे आणि पोरगं उपाशी आहे, असं झालंय."

यूपीएस का रुसला होता हे सांगण्यासाठी जरा इंजिनाबद्दल सांगावे लागेल. वाचकांनी कंटाळू नये.

आपल्या वीजवाहिनीचा ठोका सेकंदाला ५० आवर्तनांचा. चार पोलांच्या जनरेटरने तेवढा ठोका द्यायचा तर त्याला मिनिटाला बरोबर १५०० फेरे फिरवावे लागते. तीस फेरे कमी झाले की एक आवर्तन गेले. पण इंजिन हे जनावरासारखे आहे. ओझे टाकले की दबते, ओझे काढले की उधळते. त्याला एका चालीवर ठेवण्याचे काम गव्हर्नरचे. जुना गव्हर्नर डिझेल पंपाच्या पोटात असतो. दोन वजने गरगर फिरतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि डिझेल वाढते. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर हीच युक्ती बसवली होती. पुढे ऐंशी वर्षांनी, १८६८ मध्ये, मॅक्सवेल या मोठ्या शास्त्रज्ञाने असा गव्हर्नर कधी स्थिर राहतो आणि कधी झुलू लागतो याचे गणित मांडले. अब्बांना मॅक्सवेलचे नाव ठाऊक नव्हते, पण झुलणे ठाऊक होते. इंजिन आपोआप वर-खाली, वर-खाली करू लागले की त्याला कारखान्यात 'हंटिंग' म्हणतात. अब्बा म्हणत, "झोके ले रहा है."

या वजनांच्या गव्हर्नरची एक खोड आहे. ओझे वाढले की तो थोडा खाली बसतो आणि तिथेच राहतो. रिकाम्या इंजिनाला ५२ वर बांधले तर भरल्या लोडला ते ५० वर येते. पंखे आणि दिवे यांना त्याचे काही वाटत नाही. त्या हॉस्पिटलच्या पंपातला गव्हर्नर तर झिजलेला होता. रिकामे असताना साडेबावन्न, लोडवर एकोणपन्नास, आणि पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर त्याच्याही खाली. यूपीएसला ४९ ते ५१ च्या बाहेर काही चालत नसे. बिघडलेले असे काहीच नव्हते. एक जुना होता, दुसरा नाजूक.

उपाय होता इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर. आम्ही दोघांनी त्याच्याबद्दल वाचले होते, पुण्याला एका कारखान्यात एकदा बघितलाही होता. स्वतःच्या हाताने बसवला नव्हता. डॉक्टरांना हे सांगितले नाही.

त्यात तीनच वस्तू असतात. एक पिकअप, म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती तार. तो फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर बसतो आणि प्रत्येक दाता समोरून गेला की एक धक्का देतो. दुसरे कार्ड. ते धक्के मोजते आणि वेग कमी की जास्त ते ठरवते. तिसरा अ‍ॅक्च्युएटर. तो कार्डाच्या सांगण्यावरून डिझेल पंपाची दांडी ओढतो. वीज गेली किंवा पिकअपचे धक्के थांबले, की अ‍ॅक्च्युएटरची स्प्रिंग दांडी बंदच्या बाजूला नेते आणि इंजिन थांबते. वेग कळत नसलेले इंजिन मोकाट सुटण्यापेक्षा थांबलेले बरे, असा त्यामागे विचार आहे. विचार बरोबरच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

सामान आले त्या दिवशी अब्बा दुकानात खुर्चीवर बसून होते. त्यांनी पिकअप हातात घेऊन उलटसुलट बघितला. विचारले, "ये क्या सुनता?"

"दांते गिनता, अब्बा."

"कित्ते दांते हैं, तुम गिने क्या?"

आम्ही मोजले नव्हते. गेल्यावर पहिले तेच केले. फ्लायव्हीलवर एका दात्याला खडूची खूण केली आणि पान्याने एकेक दाता पुढे ढकलत मोजले. दोघांनी वेगवेगळे मोजले. एकाचे १२५ आले, दुसऱ्याचे १२६. पुन्हा मोजले, १२६. मग हिशेब सोपा आहे. १५०० फेऱ्यांना १२६ ने गुणून ६० ने भागले की ३१५०. म्हणजे सेकंदाला ३१५० धक्के आले की इंजिन बरोबर चालीवर आहे.

अब्बा बरोबर आले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. त्यांचे म्हणणे एकच होते. आम्ही पंपातला जुना गव्हर्नर काढून टाकणार होतो. आमच्या मते दोन गव्हर्नर म्हणजे एका घरात दोन कारभारी. अब्बा म्हणाले, "पुराना निकालो नक्को. बुड्ढा घर में बैठा रहा तो किसका क्या बिगडता?"

आम्ही हसलो, पण ऐकले. त्यामुळे मांडणी अशी झाली. अ‍ॅक्च्युएटर जोडला पंपाच्या बंद करायच्या दांडीला. रेसची दांडी वर नेऊन, जुना गव्हर्नर ५३ च्या जरा पुढे धरेल अशी अडकवली. म्हणजे रोजचे काम नव्याचे, आणि काही घडून इंजिन उधळलेच तर वरचा लगाम जुन्याचा. पुढे आम्हांला कळले की बरेच अनुभवी लोक असेच करतात. त्या वेळी वाटले होते की बापाचे मन राखले.

पिकअप बसवताना आम्ही एक पिकअप मोडला. तोही सांगतो, कारण नव्या पोरांकडून हेच होते. फ्लायव्हीलच्या खोबणीला भोक पाडून आटे काढले. आता पिकअप आत फिरवत न्यायचा, दात्याला टेकला की पाऊण फेरा मागे घ्यायचा. मग दात्यात आणि पिकअपमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या वर फट राहते. पण टेकवण्याआधी भोकातून बॅटरी मारून बघायचे असते की समोर दात्याचा माथा आहे की दोन दात्यांमधली दरी. आम्ही बघितले नाही. समोर दरी होती. पिकअप दरीत उतरला, आम्ही पाऊण फेरा मागे घेतला, स्टार्टर मारला, आणि 'टक्' असा बारीक आवाज झाला. दुसरा पिकअप यायला चार दिवस गेले. पैसे आमचे.

दुसऱ्या वेळी समोर माथा धरला, टेकवला, पाऊण फेरा मागे. स्टार्टरवर फिरवताना मीटर लावून बघितले. निदान एक व्होल्ट यायला हवा, तो आला. अ‍ॅक्च्युएटर आणि पंपाची दांडी यांच्यामधली सळई बसवायला मात्र अर्धा दिवस लागला. पुस्तकात तिला दोन ओळी असतात. खरी मेख तिथेच आहे. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट हवा, आणि कुठेही खेळ नको. हाताने हलवली तर केसाएवढीही 'खट्' व्हायला नको. खेळ असला की कार्ड ओढते, पण दांडी उशिरा हलते. मग कार्ड घाबरून जास्त ओढते, आणि इंजिन झोके घेऊ लागते. लोक अशा वेळी कार्डाचे स्क्रू फिरवत बसतात. दिवसभर फिरवले तरी ते झोके जात नाहीत.

मग कार्डावरचे स्क्रू. वेगाचा स्क्रू फिरवून रिकाम्या इंजिनाला ५० वर आणले. त्यानंतर दोन स्क्रू राहतात. एकाला गेन म्हणतात, दुसऱ्याला स्टॅबिलिटी. गेन म्हणजे चूक दिसताच कार्डाने किती जोरात धावून जायचे. स्टॅबिलिटी म्हणजे उरलेली चूक भरून काढायला किती घाई करायची. गेन कमी असला तर लोड येताच इंजिन बराच वेळ दबून राहते. जास्त असला तर सगळी सळई थरथरू लागते. सांगितलेली रीत अशी की गेन हळूहळू वाढवत न्यायचा, थरथर सुरू झाली की मागे यायचे, ती थांबली की आणखी फेऱ्याचा आठवा हिस्सा मागे. स्टॅबिलिटीचेही तसेच.

आम्ही एक जण स्क्रूवर आणि एक जण मीटरवर होतो. अब्बा इंजिनाच्या पायावर तळहात ठेवून उभे होते. मीटर डिजिटल होता, ५०.० दाखवत होता. आम्ही म्हणालो, झाले. अब्बांनी मान हलवली. "अंदर काँप रहा है. थोडा पीछे लो." मागे घेतले. मीटर तेच ५०.० दाखवत राहिला. अब्बांनी हात उचलला आणि म्हणाले, "अब सोया."

तंबोरे करणारे एक चाचा आमच्या शेजारी राहतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की जवारी काढतानाही असेच असते, घोडी घासत घासत जायचे, आणि स्वर उघडला की हात थांबवायचा. अब्बा त्यांना म्हणाले, "तुम्हारा काम मुश्किल. इनका इस्क्रू उलटा फिरता. तुम्हारी घिसी हुई घोडी वापस नहीं आती."

संध्याकाळी लोड टाकून बघितला. पाण्याचा पंप, ऑटोक्लेव्ह, एसी, एकामागून एक. पॅनेलवर जुन्या पद्धतीचा पट्ट्यांचा मीटरही होता, पांढऱ्या टोकांच्या पट्ट्या रांगेने, ज्या आवर्तनावर जनरेटर असेल ती पट्टी थरथरते. पंप सुरू झाला की ५० ची पट्टी क्षणभर अंग चोरायची, ४९ ची जरा हलायची, आणि पुन्हा ५० पूर्ण. यूपीएसने हिरवा दिवा लावला. मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या, दिवा बघून गेल्या. आम्हांला त्या दिवशी जमिनीवर पाय टेकत नव्हते.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "आज रात्री लोडशेडिंग आहे. एक रात्र चालू द्या, सकाळी हिशेब करू." रास्त होते. आम्ही थांबलो. रात्री पाऊस लागला. जनरेटरच्या पत्र्याच्या शेडला लागून खोली होती, तिथे तिघे आडवे झालो.

बाराच्या सुमारास लाईट गेली, जनरेटर सुरू झाला. एकच्या पुढे जीप आली. बाई खेड्यातून आणली होती. तिला लगेच आत नेले. भूल देणारे डॉक्टर स्कूटरवरून भिजत आले. वॉर्डबॉयने सांगितले, सिझर आहे. आम्ही उठून बसलो. काही करायचे नव्हते, पण झोपवेना.

पावणेदोन वाजले असतील. इंजिन थांबले. धडपडले नाही, खोकले नाही. कोणी किल्ली फिरवावी तसे थांबले. आणि पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

थिएटरचा दिवा आणि आतली यंत्रे यूपीएसवर होती. म्हणजे आत अंधार झाला नव्हता. पण तो आठवडाभर जनरेटरवर उपाशी राहिलेला यूपीएस. त्याच संध्याकाळी तो भरू लागला होता. पाच-सात मिनिटांतच त्याची 'पीं पीं' सुरू झाल्याचे वॉर्डबॉय धावत येऊन सांगू लागला. आम्ही स्टार्टर मारला. इंजिन फिरले, पेटले नाही. पुन्हा मारला. एक जण कार्डाकडे, एक जण बॅटरीकडे. फ्यूज बघ, वायर बघ. हात कापत होते. खरे सांगायचे तर त्या घटकेला आम्हांला काहीही येत नव्हते.

अब्बा पुढे आले. त्यांनी आम्हांला बाजूला केले, रागावून नाही, गर्दीत माणूस वाट काढतो तसे. पकड घेतली, आणि सळईच्या टोकाची पिन उपसली. अ‍ॅक्च्युएटर सुटला. पंपाची बंदची दांडी आपल्या स्प्रिंगने मोकळी झाली. नवा गव्हर्नर घराबाहेर, म्हातारा घरात. त्यांनी रेसची दांडी खाली ओढून धरली आणि म्हणाले, "मारो."

इंजिन पहिल्या झटक्याला पेटले.

मग त्यांनी दांडी हळूहळू वर नेली. "पट्टी बोलो." आम्ही टॉर्च मीटरवर धरून सांगू लागलो, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. चेंजओव्हर टाकला. लोड बसला, पट्टी सरकली, त्यांनी दांडी तेवढीच उचलली. वॉर्डबॉय पळत आला. यूपीएस ओरडायचा थांबला होता.

दांडी अडकवून मोकळे होता आले नसते का? आम्हीही तेच म्हणालो. पण म्हाताऱ्याची खोड सांगितली आहे. लोड बदलला की तो बसायचा किंवा उठायचा आणि यूपीएस पुन्हा रुसायचा. आत कोण काय लावते, काय बंद करते हे आम्हांला कळत नव्हते. थिएटरचा एसी आपल्या मनाने चालू-बंद होत होता. अब्बा दांडीला हात लावून उभे राहिले. सुरुवातीला आम्ही पट्टी सांगत होतो. थोड्या वेळाने ध्यानात आले, आम्ही सांगण्याआधीच त्यांचा हात हललेला असतो. एसी लागायचा, इंजिनाचा आवाज जरा घोगरा व्हायचा, आणि दांडी वर. ज्या कानाने दोन माणसांचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते त्या कानाने ते ऐकत होते की तळहाताने, कोण जाणे.

पाऊण तास गेला. शेडमध्ये इंजिनाशिवाय काही ऐकू येण्यासारखे नव्हते. बाळ रडले असेल तर आम्हांला कळले नाही. एक आया दारात आली आणि हात वर करून हलवला, बास. अब्बांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि दांडी तशीच धरून ठेवली. टाके पडायचे होते.

त्या वेळात आम्ही दोष शोधला. इंजिन चालू होते, म्हणजे पिकअपने व्होल्ट द्यायलाच हवे होते. कार्डाच्या टोकाला मीटर लावला. शून्य. मग कार्डाचा दोष नव्हता, वायरचा होता. टॉर्च घेऊन वायरच्या मागे मागे गेलो. फ्लायव्हीलच्या खोबणीपासून वितीवर, जिथे वायर कडेवरून वळते, तिथे रबर घासून तार उघडी पडली होती आणि इंजिनाच्या अंगाला टेकली होती. तिथे एक क्लिप हवी होती. वायरला इंजिनाशी बांधून ठेवणारी, त्या काळी दोन रुपयांना मिळणारी पत्र्याची क्लिप. बाकी चार ठिकाणी होती. तिथे नव्हती. संध्याकाळी हिरवा दिवा लागला त्या आनंदात ती राहिली. कोणाकडून राहिली, ते वर म्हटलेच आहे.

पहाटे लाईट आली. अब्बांनी दांडी सोडली. बोटे लगेच सरळ होईनात. ते नळावर गेले, वुजू केला, आणि खोलीत फजरची नमाज पढले. तेवढ्यात आमचे दोघांचे बोलणे झाले. ते लिहायला लाज वाटते, पण ते वगळले तर या लेखाला काही अर्थ नाही. आम्ही ठरवले की डॉक्टरांना सांगायचे, कार्ड दगावले होते, कंपनीकडून बदलून घेतो. कार्ड आम्ही केलेले नव्हते. कार्डाला तोंड नव्हते. डॉक्टरांना वायर आणि कार्ड यातला फरक कळणार नव्हता. आमचे नाव नवे होते, आणि त्या गावात आणखी दोन हॉस्पिटलांची कामे बोलणीत होती. आमच्यासारख्यांचे एक काम बिघडले की दहा तोंडे कशी बोलतात, तेही माहीत होते.

अब्बांनी हे ऐकले होते की आमच्या तोंडावर वाचले, माहीत नाही. नमाजेची चटई घडी करता करता ते म्हणाले, "कार्ड ने क्या किया? उसकू आवाज नहीं आया, वो रुक गया. रुकना उसका काम था."

डॉक्टरसाहेब चहा घेऊन आले. रात्रभर उभे राहिलेले. त्यांनी बाई आणि बाळ दोघे ठीक असल्याचे सांगितले. मुलगी झाली होती. मग विचारले, "काय झालं होतं मिस्त्री?"

अब्बा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, चूक आमची. माझ्या मुलांनी वायर एका जागी बांधली नव्हती. मी बघायला हवी होती, मीही बघितली नाही. मशिनाची काही चूक नाही."

डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्याकडे बघितले, आणि ते बघणे आम्हांला अजून आठवते. त्यांनी दोन शब्द बोलले असते तर बरे झाले असते. शेवटी म्हणाले, "आता पुन्हा ते नवीनच लावणार?"

"लावणार. पण आज दिवसभर मी इथेच बसून वायर बघणार. आणि पिन अशी ठेवणार की तुमच्या वॉर्डबॉयलाही हाताने काढता आली पाहिजे. त्याला शिकवून जातो."

तसेच केले. वायर बदलली. या वेळी पीळ दिलेली, वर जाळी असलेली घातली, जाळी एकाच टोकाला, कार्डाजवळ, जोडली. तिला बॅटरीच्या आणि जनरेटरच्या जाड वायरींपासून लांब ठेवले. वितीवितीवर क्लिप. सळईला स्प्रिंगची पिन. वॉर्डबॉय हुशार होता. त्याने तीन वेळा नवा गव्हर्नर सोडून इंजिन म्हाताऱ्यावर चालवून दाखवले. हिशेबाच्या वेळी अब्बांनी मजुरी अर्धी घेतली. डॉक्टर पूर्ण देत होते की नव्हते, हे आम्हांला कळू नये म्हणून की काय, त्यांनी आम्हांला सामान भरायला पाठवले. बोलणीतल्या दोन हॉस्पिटलांपैकी एकाने आम्हांला काम दिले, एकाने नाही.

पुढच्या काही वर्षांत आम्ही असे पुष्कळ गव्हर्नर बसवले. लग्नाच्या हॉलला, बर्फाच्या कारखान्याला, एका शाळेला. कुठूनही परत आलो की अब्बांचा एकच प्रश्न, "क्लिपां?" सलाम नंतर.

ते २०१५ मध्ये गेले. धंदाही बदलला. १ जुलै २०२३ पासून जनरेटरांच्या धुराचे नियम कडक झाले, आणि आता नव्या इंजिनात वेग आणि डिझेल दोन्ही संगणकच सांभाळतो. उघडायचे, स्क्रू फिरवायचे असे फारसे काही राहिलेले नाही; लॅपटॉप जोडायचा आणि तो काय म्हणतो ते वाचायचे. आम्ही तेही शिकलो. त्यातही पिकअप असतात, आणि वायर घासली की तेही थांबतात.

त्या हॉस्पिटलने दुसरा सेट घेतला तेव्हा जुना आमच्याच मध्यस्थीने जतकडच्या एका शेतकऱ्याला गेला. त्याला यूपीएस नव्हता, बोअरवर मोटार चालवायची होती. कार्ड आणि अ‍ॅक्च्युएटर त्याला नको होते, ते आम्ही उतरवून घेतले. दुकानाच्या कपाटात आहेत. रेसची दांडी मोकळी करून ५० वर बांधून दिली. मागच्या उन्हाळ्यात तिकडे गेलो होतो. म्हातारा पंपात बसून आहे. झोके घेतो, पण चालतो.